विरंगुळा केंद्रात नुसती बाकडी नकोत, खेळायला टेबल द्या

प्रति,
नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी,
मराठवाड्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती

विषय : निवृत्त नागरिकांसाठी खेळ आणि छंदाची सुसज्ज खोली देण्याबाबत

स.न.वि.वि.

58 व्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन माणूस घरी येतो. पहिले दोन-तीन महिने पेन्शनचे कागद, घराची डागडुजी, लेकीकडं पुण्याला एक चक्कर यात निघून जातात. मग दुपार खायला उठते. तालुक्याच्या गावात उठून जायला जागा दोनच, मारुतीचा पार नाहीतर चहाचं हॉटेल. बायांना तर तीही सोय नाही. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, नर्स, पोस्टातल्या बाई, तीस-तीस वर्षं रोज घराबाहेर पडलेल्या या बाया निवृत्तीनंतर एकदम घरात अडकतात.

म्हणून विरंगुळा केंद्रं बांधली गेली, ते चांगलंच झालं. पण हॉल बांधला, भिंतीला बाकडी लावली, एक टीव्ही टांगला की काम संपलं असं समजलं जातं. सहा महिन्यांत तिथं कुलूप दिसतं, कारण आत करण्यासारखं काही नसतं. कीर्तन-भजनाला आमचा विरोध नाही, ते चालूच राहावं. पण तीस वर्षं हिशेब, यंत्रं, गाड्या, वर्ग सांभाळलेल्या डोक्याला आणि हातांना काम लागतं. खेळ आणि छंद हे ते काम आहे. आमची मागणी फार मोठी नाही. साधारण 25 बाय 16 फुटांची, तळमजल्यावरची एक खोली द्या आणि ती नीट लावा. नीट लावणं म्हणजे काय, तेच या पत्रात लिहिलं आहे, कारण बहुतेक ठिकाणी पैसा कमी पडत नाही, वस्तू चुकीची येते.

कॅरमपासून सुरुवात करू. खरेदीच्या मागणीपत्रात ‘कॅरम बोर्ड, 2 नग’ एवढंच लिहिलं की पुरवठादार मुलांचा पातळ बोर्ड आणून देतो. त्यावर स्ट्रायकर मारला की ‘थप्प’ आवाज येतो आणि तो अर्ध्यात मरतो. मोठी माणसं दोन दिवस खेळतात आणि सोडून देतात. मागणीपत्रात असं लिहा : खेळायचा पृष्ठभाग 73.5 ते 74 सेंटिमीटर चौरस, प्लायवूड 8 मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि शक्यतो 12 चं, पॉकेटचा व्यास 4.45 सेंटिमीटर, लाकडी सोंगट्या 9 पांढऱ्या, 9 काळ्या आणि 1 राणी, स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि 4.13 सेंटिमीटर व्यासाचा. माल ताब्यात घेताना परीक्षा सोपी आहे. बोर्ड सपाट ठेवून पावडर लावा आणि स्ट्रायकर समोरच्या कडेवर सरळ, जोरात मारा. त्यानं जाऊन-येऊन निदान साडेतीन फेऱ्या केल्या पाहिजेत. नाही केल्या तर बोर्ड परत पाठवा.

बोर्ड स्टुलावर किंवा बाजेवर ठेवून चालत नाही. स्टँड 63 ते 70 सेंटिमीटर उंचीचं हवं आणि खुर्ची हातांची हवी. गुडघे धरलेल्या माणसाला उठताना टेकायला हात लागतो. प्लास्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर मागं सरकतात, त्यांच्या पायांना रबरी बूट बसवून घ्या. बोर्डाच्या बरोबर मधोमध शेड लावलेला दिवा टांगा, तोही असा की बल्ब बसलेल्याच्या डोळ्यांत येणार नाही. पूर्वी 60 ते 100 वॅटचा पिवळा बल्ब असायचा. आता 9 ते 12 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. एक फरक मात्र लक्षात घ्या. जुना बल्ब बोर्डाला ऊबही द्यायचा आणि पावसाळ्यातला ओलावा त्या उबेनं सुकायचा. एलईडी ते करत नाही. म्हणून पावसाळ्यात डाव मांडण्यापूर्वी बोर्ड आणि सोंगट्या कोरड्या सुती फडक्यानं पुसायच्या. ओलं फडकं कधीच लावायचं नाही, कारण पाणी पॉलिशखाली गेलं की प्लाय फुगतो.

पावडर बहुतेक ठिकाणी बोरिकची असते. ती दोन चिमटी पुरते. जास्त टाकली की सोंगट्यांच्या बुडाला थर बसतो आणि त्या अडखळतात. बोरिक पोटात जाणं चांगलं नाही, डोळ्यांनाही ती झोंबते. तेव्हा खोलीत हात धुवायला बेसिन हवं आणि चहा-बिस्किटं बोर्डापासून लांब हवीत. दम्याचं माणूस असेल त्याला पंख्याचा वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवा, म्हणजे पावडर त्याच्या तोंडावर उडत नाही. खेळ संपल्यावर बोर्ड भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका, कालांतरानं मध्ये बाक येतो आणि मग सगळ्या सोंगट्या एकाच कोपऱ्याकडं ओढतात.

उन्हाळ्यात आपल्याकडं हमखास एक चूक होते. 43-44 अंशांची दुपार असते म्हणून कुणीतरी डेझर्ट कूलर बसवतं, आणि तो नेमका कॅरमच्या तोंडाशी. कूलरची हवा ओलसर असते. अर्ध्या तासात बोर्ड जड होतो आणि खेळणारे पावडरवर पावडर टाकत बसतात. कूलर पत्त्यांच्या आणि बुद्धिबळाच्या बाजूला ठेवा, कॅरम दूरच्या कोपऱ्यात, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरला हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावात कूलरचं पाणी हाही प्रश्नच आहे. छत पत्र्याचं असेल तर उन्हाळ्यात दुपारचा हट्ट न धरता सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 अशी वेळ ठेवा, हिवाळ्यात दुपारी 2 ते 6.

बुद्धिबळाचा पट घेताना घराची बाजू 5 ते 6 सेंटिमीटर आणि राजा साधारण 9.5 सेंटिमीटर उंच, हे माप धरा. चुंबकाचे छोटे प्रवासी पट मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना आणि थरथरत्या हातांना निरुपयोगी आहेत. पट चकचकीत लॅमिनेटचा नको, वरचा दिवा त्यात चमकतो आणि उंट कुठला, प्यादं कुठलं ते कळत नाही.

इथं पहिल्याच आठवड्यात एक भांडण होतं, आणि ते होणार हे आधीच माहीत असलेलं बरं. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नसतं, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळते. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या पट्टीत असेल ते मोहरं होतं. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, कॅसलिंग आहे, आणि प्याद्याचा थेट वजीर करता येतो. गावाकडं वडिलांकडून शिकलेला एक नियम सांगतो, शाळेत शिकलेला दुसरा, आणि दोघंही खरंच सांगत असतात. उपाय म्हणजे दोन्ही नियमांचे मोठ्या अक्षरांतले फलक भिंतीवर लावा. कुठल्या पद्धतीनं खेळायचं ते डाव मांडतानाच ठरवायचं. देशी पद्धत मोडीत काढू नका. ती फक्त याच पिढीला तोंडपाठ आहे.

पत्ते म्हटलं की कार्यालयाच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण उद्या कुणी जुगाराची तक्रार केली तर काय, ही भीती. भीती रास्त आहे, म्हणून नियमही कडक ठेवा. टेबलावर रोकड दिसता कामा नये, गुण वहीत पेननं लिहायचे, चिंचोके किंवा टोकनही नकोत. एवढं पाळलं तर मेंढीकोट, बदाम सात, तीन-दोन-पाच, झब्बू खुशाल चालू द्या. ज्यांना मेंढीकोट येतं त्यांना ब्रिज शिकवता येतो. भिडू, हुकूम आणि हात मोजणं त्यांना आधीच येतं, फक्त बोली नवीन असते. ब्रिजमध्ये चौघांना 13-13 पत्ते आणि दुसऱ्याच्या हातात काय असेल याचा सतत अंदाज. निवृत्त लेखापालाला यापेक्षा चांगला खेळ आम्हाला माहीत नाही. पत्ते मोठ्या आकड्यांचे, प्लास्टिकचा लेप असलेले घ्या. टेबलावर जाड सुती चादर ताणून बसवा, नाहीतर पंख्यानं अर्धा डाव जमिनीवर जातो.

आता संगणकाचे खेळ. पैसा खर्च न करता सगळ्यात मोठा फायदा इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. आपल्या कार्यालयांतली बरीच जुनी यंत्रं विंडोज 11 घेत नाहीत आणि आता निर्लेखनाच्या यादीत जातील. भंगारात घालण्याआधी त्यांतली दोन-तीन या खोलीला द्या आणि जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करा. आधी जुनी हार्ड डिस्क काढून कार्यालयातच ठेवा, तिच्यात नागरिकांच्या नोंदी असतात. तिच्या जागी 240 जीबीची एसएसडी लावा, रॅम 8 जीबी करा. रॅम घेताना जुनी पट्टी काढून दुकानात घेऊन जा. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 यांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवली तर स्लॉट तुटतो. मग 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ती फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर हलकी चालते. लॉगिनच्या सेटिंगमध्ये गेस्ट सत्र चालू करा. माणूस उठून गेला की त्याचा सगळा मागमूस पुसला जातो, कुणाचा पासवर्ड मागं राहत नाही.

जुन्या यंत्राचं एक दुखणं ओळखून ठेवा, यापायी कितीतरी चांगले संगणक अडगळीत गेले आहेत. यंत्र चालू होतं, खेळ चालतात, पण कुठलंही संकेतस्थळ उघडलं की सुरक्षेचा इशारा येतो. सगळे म्हणतात नेट बंद आहे. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दिसेल. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सेल, सीआर 2032, संपलेली असते. वीज गेली की यंत्र तारीख विसरतं, आणि चुकीच्या तारखेला संकेतस्थळांची प्रमाणपत्रं वैध ठरत नाहीत. पिन काढून यंत्र बंद करा, सेल बदला, तारीख लावा. किराणा दुकानातही मिळणाऱ्या त्या सेलसाठी तंत्रज्ञाला बोलावायची गरज नाही.

दुसरं दुखणं आपल्या मातीचं आहे. एप्रिल-मेमध्ये संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो काही नाही, चप्पल घाला. ते बरोबर नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून थोडासा गळतीचा प्रवाह पत्र्यावर येतच असतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. उन्हाळ्यात काळी माती तडकते, मुरूम कोरडा पडतो आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संबंध सुटतो. आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावा. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब बघायला सांगा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. प्रत्येक यंत्राला 600 व्हीएचा यूपीएस द्या, वीज गेल्यावर सगळं नीट बंद करायला तेवढी दहा मिनिटं पुरतात. त्या यूपीएसवर पंखा आणि चार्जर लावू देऊ नका. धूळ दर दोन महिन्यांनी ब्लोअरनं काढा. आपल्याकडची बारीक धूळ प्रोसेसरच्या पंख्यात नमद्यासारखी बसते आणि खेळ चालू असतानाच यंत्र तापून बंद पडतं.

पडद्यासमोर ज्येष्ठांना त्रास होतो तो बहुतेक वेळा चष्म्याचा असतो. वाचायचा चष्मा 35-40 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसावं असा दिलेला असतो, आणि मॉनिटर असतो 60-70 सेंटिमीटरवर. मग माणूस मान वर करून बायफोकलच्या खालच्या भागातून बघतो आणि चौथ्या दिवशी मान धरते. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा, अक्षरं दीडपट करा, आणि चष्मा करताना डॉक्टरांना ‘हातभर अंतरावरच्या पडद्यासाठी’ असं स्पष्ट सांगायला लावा. माऊस वायरचाच घ्या. पॉइंटर मोठा आणि त्याचा वेग कमी ठेवा, डबल क्लिकमधलं अंतर वाढवा. हात कापणाऱ्या माणसाला माऊस जमत नाही असं ठरवण्याआधी ही तीन सेटिंग बदलून बघा.

खेळांचा क्रमही महत्त्वाचा. पहिला खेळ पत्त्यांचा सॉलिटेअर, कारण पत्ता धरून ओढायची सवय झाली की माऊस आला. मग सुडोकू, मग संगणकाबरोबर सगळ्यात खालच्या पातळीचं बुद्धिबळ. त्यानंतर लिचेस या संकेतस्थळावर माणसांशी. ते मोफत आहे, तिथं जाहिरात नाही. त्यातला पत्रव्यवहाराचा प्रकार आजी-आजोबांसाठी सोन्यासारखा आहे. एका चालीला एक दिवसापासून 14 दिवसांपर्यंत मुदत देता येते. नातू हिंजवडीत असो की परदेशात, रोज एक चाल खेळायची, आणि त्या निमित्तानं रोज बोलणं होतं. एसटीच्या निवृत्त चालकांना ट्रक-बस चालवण्याचे खेळ मनापासून आवडतात, पण त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि स्टिअरिंग लागतं. ते पहिलं वर्ष नीट गेल्यावर बघू.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम एकदम खात्यात येते आणि त्याच सुमाराला फोनवर रमी-सट्ट्याच्या लिंका येऊ लागतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण फसलेला माणूस पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतो. पद्धत ठरलेली असते. सुरुवातीला पाचशे-हजार जिंकू देतात आणि खात्यात काढूही देतात. मोठी रक्कम अडकली की ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ म्हणतात. त्या क्षणी आणखी एक रुपयाही न भरता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हा आकडा खोलीच्या भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहा.

एका कोपऱ्यात दुरुस्तीचं बाक द्या. त्यावर 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि भिंग ठेवा. महावितरण, टेलिफोन, कारखाने इथून निवृत्त झालेली मंडळी आपोआप तिथं जमतात. जुन्या रेडिओचा खरखरणारा आवाज बहुधा व्हॉल्यूम कंट्रोलमधल्या धुळीचा असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून कंट्रोल वीसेक वेळा इकडून तिकडं फिरवला की निम्मे सेट बोलू लागतात. सुरुवातीला फक्त सेलवर चालणारे सेट घ्या. मेनवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर पिन काढल्यावरही झटका देतात.

बायांसाठी वेगळी वेळ राखून ठेवा, हे आम्ही आग्रहानं सांगतो. ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावली की प्रत्यक्षात खोली पुरुषांचीच होते. हिवाळ्यात 2 ते 4, उन्हाळ्यात संध्याकाळचा पहिला तास. आणि त्या वेळात तिथं स्वयंपाक-शिवणाचे वर्ग भरवू नका. त्यांना कॅरम खेळायचा असतो, बुद्धिबळ शिकायचं असतं. स्वच्छतागृह चालू स्थितीत आणि आतून कडी लागणारं हवं. ते नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया जातं.

आठवडी बाजाराच्या दिवशी खोली बंद ठेवू नका. 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, 65 ते 75 च्या माणसांना आणि सगळ्या बायांना निम्मं तिकीट. खेड्यातली ज्येष्ठ मंडळी त्या दिवशी गावात येतातच. शेवटच्या गाडीआधी अर्धा तास घंटा वाजवायची सोय करा, डाव रंगात आला की कुणालाच गाडी आठवत नाही.

राहिली चावी. ती शिपायाकडं राहिली तर सुट्टीच्या दिवशी कुलूप, आणि एकाच पुढाऱ्याकडं राहिली तर त्याचीच खोली. तीन चाव्या करा, एक कार्यालयात आणि दोन खेळणाऱ्यांतल्या दोघांकडं, त्यांतली एक बाईकडं. वहीत रोजची नोंद ठेवा : किती आले, काय मोडलं, काय संपलं. पावडर, सेल, पत्त्यांचे कॅट आणि स्ट्रायकर यांसाठी दरमहा छोटी रक्कम ठरवा. पंधरा रुपयांच्या पावडरसाठी ठराव घ्यावा लागला तर कॅरम महिनाभर बंद राहतो.

फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात यासाठी एक वेगळा शीर्ष उघडा, एवढी विनंती. खोली ठरली की तिची लांबी-रुंदी, दारं-खिडक्या कुठल्या दिशेला, आणि छत पत्र्याचं की स्लॅबचं, एवढं पत्रानं कळवा. टेबलं कुठं, दिवे किती उंचीवर, प्लग कुठं, कूलर कुठल्या खिडकीत, याचा आराखडा आणि खरेदीच्या मागणीपत्राचा मजकूर आम्ही विनामोबदला तयार करून देऊ.

आपले,
मराठवाड्यातले काही खेळगडी आणि छंदिष्ट